पडद्यावरची दुसरी ओळ

अण्णा गेल्याचं कळलं तेव्हा मी गारगोटीच्या स्टँडवर कोल्हापूरच्या गाडीची वाट बघत उभी होते. माहेरी भाच्याचा साखरपुडा होता, तो उरकून निघाले होते. हातात पिशवी आणि पिशवीत अण्णांसाठी घेतलेले फुटाणे... फोन सुमनचा होता. सुमन म्हणजे अण्णांची बायको. एरवी ती फोनवर इतक्या मोठ्यानं बोलते की फोन कानापासून वीतभर लांब धरावा लागतो. त्या दिवशी तिचा आवाज बारीक होता. "बाई, ह्ये गेले ओ. दुकानातच. खुर्चीतच बसल्याले हुते." एवढंच. मी म्हणाले, "बरं, येते." बरं! जन्मभर शाळेत मराठी शिकवलेल्या बाईला त्या वेळी तेवढाच शब्द सुचला. मग गाडी आली, मी चढले, खिडकीची जागा मिळाली म्हणून मला समाधानही वाटलं, आणि कोल्हापूर येईपर्यंत मी रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या वाचत बसले. रडू आलं नाही. आज दोन महिने होत आले, अजून आलेलं नाही.

अण्णांच्या घरी पोहोचले तेव्हा दारात माणसं जमली होती, आतून बायकांचा आवाज येत होता आणि उन्हं उतरायला लागली होती. माझ्या मनात आलं, आता अण्णांनी उठायला पाहिजे, नाहीतर जेवण राहील. अण्णा जैन. दिवस मावळायच्या आत जेवायचं हा नेम त्यांनी कधी मोडला नाही. दुकानात गिऱ्हाईक कितीही अडलेलं असो, उन्हं उतरली की ते उठायचे. "पावणं, आता उद्या सकाळी. पोटाचं शटर पडायची येळ झाली," असं म्हणून दुकानाचंही शटर ओढायचे. त्या संध्याकाळी शटर कुणी ओढलं, मला माहीत नाही. रक्षाविसर्जनाचा मजकूर कुणीतरी फोनवरच तयार करून सगळ्यांना पाठवून दिला होता. त्यात अण्णांच्या नावामध्ये एक जागा उगीचच जास्त सुटली होती. माझा हात पर्समधल्या पेन्सिलीकडे गेला. मग लक्षात आलं, हे कागदावर नाही, फोनवर आहे, आणि ज्यांनी दुरुस्त करायचं तेच नाहीत.

कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका गल्लीत जिन्याखाली अण्णांचं अक्षरजुळणीचं दुकान. लग्नपत्रिका, बारशाची आमंत्रणं, शाळांचे वार्षिक अंक, वास्तुशांत, सत्कार... माणसाच्या आयुष्यात जे जे छापून येतं ते सगळं. मूळचे ते कागलकडचे. भाऊ तिकडे ऊस बघतात. अण्णांना उसात गोडी नव्हती, असं ते स्वतःच म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. माझी त्यांची गाठ पडली ती आमच्या शाळेच्या अंकामुळे. पहिल्याच प्रुफावर मी इतक्या खुणा केल्या की कागद खरूज झाल्यासारखा दिसत होता. अण्णांनी तो उलटसुलट करून बघितला. वाटलं, आता चिडणार. तर म्हणाले, "बाई, तुमी रिटायर झाला की हितं येऊन बसा. एवढं खोडकर माणूस मला पायजेच हाय." मला वाटलं चेष्टा करतात. पण निवृत्त झाल्यावर चौथ्या दिवशी त्यांचा निरोप आला की स्टूल आणून ठेवलंय. तेव्हापासून रोज सकाळी त्यांच्या खुर्चीशेजारी माझं स्टूल आणि माझ्या हातात पेन्सिल. आमचं पटायचं म्हणावं तर रोज भांडण, आणि भांडण म्हणावं तर एक दिवस गेले नाही तर मला चैन पडायचं नाही. रक्षाविसर्जनाचा मजकूर घेऊन कुणी आलं तर मात्र आम्ही भांडत नसू. हातातलं काम बाजूला सारून अण्णा तो आधी करून द्यायचे. त्या माणसाला बसायला सांगायचे, पाणी द्यायचे, आणि एकही शब्द न बोलता जुळवायचे.

आता त्या कॉम्प्युटरबद्दल सांगायला हवं, कारण अण्णांची आठवण सांगायची तर त्याला वगळून सांगता येत नाही. दुकानात यंत्र एकच, पण त्याच्या पोटात डिस्का दोन. जुन्या डिस्कवर अण्णांचं जुनं मराठी टायपिंग, त्यांच्या आवडीची टपोरी अक्षरं आणि इतक्या वर्षांत जुळवलेलं सगळं काम. त्यातलं काही नव्या कॉम्प्युटरवर उघडायला गेलं तर मराठीच्या जागी नुसते ठिपके आणि चौकटी दिसतात. नवी डिस्क त्यांच्या मुलीनं, पल्लवीनं बसवली. ती पुण्यात नोकरी करते. गल्लीत लोक विचारायला लागले होते, अर्ज भरून देता का, सातबारा काढून देता का, परीक्षेचं हॉलतिकीट काढून देता का. जुन्या डिस्कवर इंटरनेट चालत नव्हतं आणि अण्णांना त्यात रसही नव्हता. सुमन मात्र म्हणाली, मी करतो की. दहावीनंतर शाळा सुटलेली, घर सोडून कुठं न बसलेली ही बाई पल्लवीकडून महिनाभर शिकली आणि दुपारी दुकानात बसायला लागली. सकाळ अण्णांची, दुपार सुमनची. तिच्या दुपारी बघता बघता गर्दी व्हायला लागली आणि अण्णा मला डोळ्यांनी खुणावून म्हणायचे, "आता मालकीण ती, आपण कामगार."

कॉम्प्युटर सुरू केला की तो आपला आपण नवी डिस्क उघडायचा. अण्णांना जुनी हवी असायची. त्यासाठी बटण दाबल्यावर पडद्यावर कंपनीचं नाव दिसतं तेवढ्या दोन-तीन सेकंदांत कीबोर्डच्या वरच्या रांगेतलं एफ-बारा हे बटण टकाटक दाबत राहायचं. बरोबर वेळ साधली तर एक छोटी यादी येते. पहिली ओळ नवी डिस्क, दुसरी ओळ जुनी. खाली जाणारा बाण एकदा दाबायचा, मग एंटर. वेळ चुकली तर गाडी गेली. नवी डिस्क पूर्ण उघडू द्यायची, बंद करायची आणि पुन्हा पहिल्यापासून. हे दोन-तीन सेकंद अण्णा रोज पूजेसारखे पाळायचे. चहा बाजूला ठेवायचे, चष्मा वर सारायचे, हात उगारून सगळ्यांना दटावायचे, "थांबा, आता कुणी बोलू नगासा." दारात गिऱ्हाईक उभं असलं तरी तेही गप्प. एकदा एक नवरदेवाचा मामा, चांगला मिशीवाला पैलवान गडी, पायरीवर एक पाय ठेवून तसाच थिजला होता. मग दुसरी ओळ साधली की अण्णा खुर्चीत मागं रेलायचे आणि म्हणायचे, "हां... बोला आता." त्या कीबोर्डवरच्या एफ-बाराची अक्षरं पार पुसून गेली आहेत. बाकीची बटणं अजून वाचता येतात.

मी कितीदा तरी म्हणाले असेन, "अहो अण्णा, पल्लवीला सांगून जुनी डिस्क पहिली करून घ्या की. रोजची कटकट जाईल." त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर. "ऱ्हाऊ दे ओ बाई. एक बटन दाबायला मला काय हुतंय." मला वाटायचं, हट्टी आहेत. म्हातारपणी माणसाला आपल्या सवयीचा लळा लागतो, तसंच.

गेल्या वर्षी त्यांना छातीत दुखायला लागलं आणि दवाखान्यात ठेवावं लागलं. सुमन तिकडेच. एका पत्रिकेचं काम अर्धवट राहिलं होतं आणि लग्न तोंडावर आलेलं. दुकानाची दुसरी किल्ली माझ्याकडे दिली. मी दुकान उघडलं, कॉम्प्युटर लावला आणि एफ-बारा दाबायला लागले. तीनदा चुकलं. चौथ्यांदा यादी आली आणि माझं बोट वरच्या बाणावर पडलं, पुन्हा नवीच डिस्क उघडली. मला राग आवरत नाही, हे माझ्या विद्यार्थ्यांना विचारा. पल्लवीला फोन लावला आणि सांगितलं, "हे कायमचं बदलायचं कसं ते सांग. अण्णा घरी येतील तेव्हा त्यांना त्रास नको." ती म्हणाली, "करता येतं बाई, सोपं आहे. पण अण्णांनी..." मी तिला पुढं बोलूच दिलं नाही. "अण्णांना बरं वाटेल गं, मी बघते त्यांचं. तू सांग." तिनं सांगितलं. एफ-दोन दाबा, आत जा, जुनी डिस्क वर घ्या, एफ-दहा दाबून बाहेर या. मी केलं. पुन्हा सुरू केला तर यंत्र सरळ जुन्या डिस्कवर! मला इतका आनंद झाला की त्या दिवशी मी एकटीच कोपऱ्यावर जाऊन मिसळ खाऊन आले. अण्णांसाठी केलं, असं मी स्वतःला सांगत होते. खरं तर माझी बोटं चुकत होती म्हणून केलं. आज लिहिताना ते लपवण्यात अर्थ नाही.

अण्णा घरी आले. आठवड्यानं दुकानात आले, बसले, बटण दाबलं, आणि यंत्र आपोआप जुन्यावर गेलेलं बघून माझ्याकडे बघितलं. मी कौतुकाची वाट बघत होते. त्यांनी कॉम्प्युटर बंद केला, पुन्हा लावला, एफ-दोन दाबून आत गेले आणि सगळं होतं तसं करून ठेवलं. मग नेहमीसारखं एफ-बारा, बाण, एंटर. "ऱ्हाऊ दे ओ बाई," एवढंच म्हणाले. मला ते फार लागलं. माझ्या कष्टाची ही किंमत, असं वाटून मी पेन्सिल पर्समध्ये टाकली आणि घरी निघून आले. पंधरा दिवस दुकानाकडे फिरकले नाही. शेवटी त्यांनीच प्रुफं घरी पाठवली, वर चिठ्ठी : 'खोडायला माणूस नाही, या.' मी गेले. त्या विषयावर आम्ही पुन्हा बोललो नाही. मीच बोलू दिलं नसावं.

अण्णा गेल्यावर दुकान बंदच होतं. मी सुमनकडे दोन-चार दिवसांनी जात होते. दोघी बसायचो, चहा व्हायचा. तिचंही काही वेगळं नव्हतं. रडून झालं होतं आणि आता ती भिंतीकडे बघत बसायची. मी एकदा म्हटलं, दुकान कधी उघडतेस? लोक विचारतात. ती म्हणाली, "न्हाय उघडत बाई. मोबाइलच्या कव्हरवाल्याला जागा देतो म्हणून सांगितलंय. सोमवारी किल्ली न्यायला येणार हाय." मी उडालेच. चांगला जम बसलेलं काम, नाव झालेलं... का? त्यावर तिनं जे सांगितलं ते मी तिच्याच शब्दांत लिहिते. "तुमाला म्हाईत न्हाय. ह्ये दवाखान्यात हुते तवा मी एक दुपारी दुकानात गेलतो. एक बाई पोरीच्या कॉलेजचा अर्ज भरायला आल्ती, शेवटचा दिवस हुता. मी बटन दाबलं तर माझं काय येईचना. सगळं भलतंच. तीनदा केलं, चारदा केलं. ती बाई रडाय लागली, मग मीबी घाबरलो. तिला दुसरीकडं पाठवलं आणि शटर ओढून घरी आलो. मला वाटलं, मी ह्यांचं मशीन मोडलं. दवाखान्यात सांगायचं तरी कसं? घरी आल्यावर सांगितलं, मग ह्ये दुकानात जाऊन बघून आले आणि म्हणाले, तू न्हाय मोडलंस, मशीन कधीकधी विसरतंय. मी हाय की, लावतो परत. आता विसरलं तर कोण हाय ओ?"

मी ऐकत होते. कपात चहा होता, त्यावर साय धरली होती, ती मी बघत होते. मशीन विसरतंय. अण्णांनी माझं नाव घेतलं नव्हतं. बायको समोर रडत असताना एका वाक्यात खरं सांगून मोकळे झाले असते. मला झाकण्यासाठी ते यंत्रावर ढकलून बसले. आणि म्हणून ही बाई आता यंत्राला घाबरत होती. मी तेव्हा तिथंच बोलायला हवं होतं. नाही बोलले. उठले, चपला घातल्या आणि घरी आले. साठी उलटली तरी चूक कबूल करायची म्हटली की माझी जीभ टाळूला चिकटते.

घरी येऊन पल्लवीला फोन केला. म्हटलं, "त्या दिवशी तू 'पण अण्णांनी' म्हणालीस आणि मी तुला तोडलं. काय सांगत होतीस?" ती म्हणाली, "बाई, डिस्क बसवली तेव्हा मी अण्णांना विचारलं होतं, पहिली कुठली ठेवू? मला वाटलं त्यांचीच म्हणतील. तर म्हणाले, आईची ठेव. मी हाय तवर मी बटन दाबतो की. मी नसलो तर ती कुठं शोधत बसंल? तिनं नुसतं चालू केलं की तिचं तिला उघडाय पायजे." मी विचारलं, "आणि हे सुमनला माहीत आहे?" ती म्हणाली, "नाही. आईला सांगू नको म्हणाले होते. 'मी नसलो तर' असलं काही ऐकलं की ती चिडते."

म्हणजे इतकी वर्षं रोज सकाळी मी शेजारी बसून ज्याला हट्ट म्हणत होते ते हे होतं. मला त्या रात्री झोप लागली, हे सुद्धा सांगते. माणूस इतकं कळल्यावर झोपतो कसा, मला माहीत नाही. पण झोपले.

रविवारी सकाळी गेले आणि दारातच सांगून टाकलं. बसले असते तर पुन्हा राहिलं असतं. "सुमन, मशीन विसरलं नव्हतं. मी बदललं होतं. त्या दिवशी तुझं काम माझ्यामुळं अडलं. अण्णांना माहीत होतं." आणि मग पल्लवीनं सांगितलेलं सगळं. सुमन केर काढत होती, ती केरसुणी हातात धरूनच उभी राहिली. मला वाटलं आता ओरडेल. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. पण ती हळूच म्हणाली, "मंग त्याच दिवशी सांगायचं हुतं की ओ बाई. मी वरीसभर त्या बटनाला हात लावताना देवाचं नाव घेत हुतो." मी "हो," म्हणाले. थोड्या वेळानं तिनं केरसुणी कोपऱ्यात उभी केली, पदराला हात पुसले आणि खिळ्यावरची किल्ली काढली.

दुकानात धूळ होती. अण्णांचा चष्मा टेबलावर, घडी न घालता. माझं स्टूल होतं तिथंच. खुर्चीत बसायला सुमन तयार होईना. शेवटी ती उभ्यानंच वाकली आणि बटण दाबलं. पंखा घरघरला. पडद्यावर कंपनीचं नाव आलं. आम्ही दोघी पडद्याकडे बघत उभ्या. माझं बोट आपसूक एफ-बाराकडे गेलं आणि मी ते मागं घेतलं. कुणी काही दाबलं नाही. नाव गेलं, पडदा क्षणभर काळा झाला... आणि सुमनचं पान उघडलं. कोपऱ्यात तिचे अर्जांचे फोल्डर, मागं पल्लवीच्या लग्नातला फोटो. सुमन बघत राहिली. "आपलं आपण आलं की," ती म्हणाली. मग खुर्ची पुढं ओढून बसली. कव्हरवाल्याला तिनं तिथूनच फोन लावला. आवाज नेहमीचा होता, गल्लीत ऐकू गेला असेल.

आता मी पुन्हा रोज जाते. अर्जातली नावं-पत्ते तपासून देते. खोडायला तिथंही पुष्कळ मिळतं. जुन्या डिस्कवर अण्णांचं सगळं काम आहे, शेवटची अर्धवट पत्रिकाही असेल. पल्लवी म्हणते, बाई, एफ-बारा दाबा, दुसरी ओळ, मी काढून ठेवते त्यातलं. बघू, म्हणते मी. त्या ओळीवर जायला अजून हात होत नाही.

सकाळी सुमन शटर वर ढकलते, देवाला उदबत्ती लावते आणि बटण दाबते. पडद्यावर कंपनीचं नाव येतं. आता काहीच साधायचं नसतं, तरी ती चहाचा कप बाजूला ठेवते आणि हात जरासा वर धरते. मी पेन्सिल थांबवते. पायरीवर कुणी आलं असेल तर तेही का कोण जाणे, गप्प उभं राहतं. दोन-तीन सेकंद. मग तिचं पान उघडतं, आणि सुमन खुर्चीत मागं रेलून म्हणते, "हां... बोला आता."